जीप नानांच्या नावावर

आबांनी जीपने नेपाळला जायचं काढलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "हे कोणी भरवलं तुमच्या डोक्यात?" आबा म्हणजे माझे वडील. रावेरची केळीची बाग सोडून दोन दिवस बाहेर न राहिलेला माणूस आपण होऊन परदेशात जायचं ठरवेल, यावर तिचा विश्वासच बसेना. माझाही बसला नाही. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती आणि संशय घेण्यात आईच्या हाताखाली चांगली तयार झाले होते. काहीतरी शिजतंय, असं आम्ही दोघींनी पक्कं केलं.

आबा मात्र रंगात आले होते. रोज संध्याकाळी माझा शाळेचा नकाशा जमिनीवर पसरायचा आणि त्यावर बोट फिरवायचं. बऱ्हाणपूर, खंडवा, जबलपूर, बनारस, गोरखपूर, की आलं नेपाळ. केळी घेऊन उत्तरेत जाणारा एक ट्रक ड्रायव्हर त्यांना डिझेल कुठे भरायचं, मुक्काम कुठे करायचा, सगळं सांगून गेला होता. आबा नकाशा दाखवायचे, आई त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची.

मग एके दिवशी आबा हळूच म्हणाले, "ड्रायव्हर म्हणतो, सरहद्दीवर गाडीचा मालक सोबत असला म्हणजे झंझट नाही. आपली जीप तर नानाच्या नावावर हाये."

"घ्या! आलं बाहेर," आई म्हणाली.

नाना माझे मोठे काका. दोघं भाऊ एकत्र होते तेव्हा जीप घेतली आणि कागद नानांच्या नावावर झाले. पुढे वाटण्या झाल्या, बांधावरून शब्दाला शब्द लागला आणि बोलणं बंद पडलं, त्याला चार वर्षं झाली होती. जीप आमच्या वाट्याला आली, पण आबांनी कागद काही बदलून घेतले नाहीत. आईने त्यांच्यामागे किती भुणभुण लावली असेल! नाना एक दिवस येणार आणि चावी मागणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. नाना आमच्या गल्लीतून खाली मान घालून जायचे, जीपकडे बघायचेसुद्धा नाहीत. त्याचाही ती अर्थ लावायची. "दखाडस नही, पन त्याना मनमा शे," म्हणायची, म्हणजे दाखवत नाही, पण त्याच्या मनात आहे. चिडली की तिच्या तोंडी धुळ्याकडची माहेरची बोली यायची.

नानांकडे स्वतः जायची आबांची छाती होईना. त्यांनी मला बोलावलं. "त्याले म्हन, गाडी तुमच्या नावावर हाये, तुमच्याबिगर नेपाळ होत नाही, तुम्ही चला. काकूलेही घ्या. पुढची सीट तुमची." हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मी चप्पल घालत होते तर आईने दारात गाठलं. तिच्या हातात गाडी नावावर करायचा फॉर्म होता. मामाला सांगून तिने तो कधीचाच आणवून ठेवला होता. "सही मागायची. ती मिळाली की मालक आपण, मग त्यांना न्यायची गरजच काय? एकदा जीपमध्ये बसले की उतरायचे नाहीत."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, पुढच्या सीटवर मलाही बसायचं होतं.

नाना ओट्यावर बसले होते. मला पाहून गडबडीने उठले आणि आत ओरडले, "अवं, चहा टाक, पोरगी आली!" मला ते नाटक वाटलं. मी उभ्यानेच म्हणाले, "आम्ही जीपने नेपाळला चाललोय. कागद आमच्या नावावर लागतात. आबांनी सही मागितलीय."

नाना खाली बसले. फॉर्म त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, "आनखी काही म्हने का आबा?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी आतून चष्मा आणला आणि दोन ठिकाणी सही केली. "घाटात हळू चालवायले सांगजो त्याले. ब्रेक मारला की ती डावीकडे ओढते." काकू चहा घेऊन येईपर्यंत मी निघालेसुद्धा होते.

घरी आई फॉर्म उजेडात धरून सही खरी आहे का ते बघायला लागली. आबांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "येतो म्हने का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, "नाही म्हणाले. तुमचं तुम्ही जा म्हणाले, म्हणून सही देऊन टाकली."

आबांनी नकाशा पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "कागद मीच बदलले नव्हते, बेटा. तेवढं तरी दोघांचं एकत्र राह्यलं होतं."

त्यांनी नकाशाची घडी केली. नेपाळला आम्ही गेलो नाही आणि तो विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. आईने मला तीनतीनदा खोदून विचारलं, नाना आणखी काय बोलले, तोंड कसं केलं होतं. आबांनी काहीच विचारलं नाही. पोरगी सांगते म्हणजे तसंच असणार, असं ते धरून चालले, ते अगदी शेवटपर्यंत. आमच्या घरात कुणावरही संशय न घेणारा तो एकच माणूस होता, आणि मी त्यालाच फसवलं.