वन्संनी शांत केलेला कॉम्प्युटर

आज सकाळी वन्सं गेल्या.

चहा मागितला, आणि तो येईपर्यंत थांबल्या नाहीत.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलीला लहानपणी ते आत्याचं नावच वाटायचं. शाळेच्या एका फॉर्मवर तिने तसं लिहूनही दिलं होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईला एकच काळजी होती, ही नणंद माझ्या शैलाला पाण्यात पाहणार. फरीदाबादला पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये नोकरी, लग्न केलेलं नाही, आणि बोलणं फटकळ.

पाण्यात पाहिलं नाही त्यांनी. कधीच.

चार वर्षांपूर्वी हे गेले आणि मी बोलेनाशी झाले. दिवसभरात "भैया, आधा किलो" एवढंच काय ते. वन्सं फरीदाबादचं घर बंद करून गुरुग्रामला माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मला एकटीला करमत नाही."

साफ खोटं. त्यांना एकटीला उत्तम करमायचं.

पुढच्या वर्षी एका मैत्रिणीने सांगितलं, अंध विद्यार्थ्यांसाठी मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी माणसं हवी आहेत. घरी बसून करायचं. मी माइक आणला. नमुना पाठवला.

परत आला. "मागे घरघर ऐकू येते."

दुसरा पाठवला. घरघर. तिसरा. घरघर.

मे महिना, अकरावा मजला, पश्चिमेची खोली. रेकॉर्डिंगसाठी एसी बंद, सीलिंग फॅन बंद. मी घामाने निथळायचे, आणि आमचा म्हातारा डेस्कटॉप तापून असा पंखा फिरवायचा की आता टेबलासकट उडेल.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, नवीन लॅपटॉप घे ना यार."

मी म्हटलं, "कशाला? माझ्याच्याने नाही होणार हे."

वन्सं शब्दकोडं सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "होणार की नाही ते नंतर बघू. घरघर माझ्याकडे दे."

लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी ड्रॉइंग काढलं. बाल्कनीत झाकणाची बादली, तिच्यात कूलरचा छोटा पंप. भंगारातून आणलेला, मोटारीच्या हीटरचा रेडिएटर. फिश टँकच्या नळ्या खिडकीतून आत. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा. पाणी त्यातून फिरणार, उष्णता घेऊन बाहेर जाणार. मग आतल्या पंख्याचं कामच नाही.

"वीज आणि पाणी एकत्र? वन्सं, दोघी जळून मरू आपण!"

"ओरडू नकोस. अजून कॅनचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही मी."

कॅन इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा. वॉचमनला वाटलं, आमच्याकडे दोन-चार इन्व्हर्टर आहेत.

ठोकळा करून घ्यायला फरीदाबादला गेलो, त्यांच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे. त्याने तांबं हातात फिरवून विचारलं, "माताजी, ये कौन सी मशीन का पार्ट है?"

"मेरी भाभी की आवाज़ का."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी.

जोडणी झाल्यावर एक दिवस कॉम्प्युटर बंद ठेवून नुसतं पाणी फिरवलं, खाली वर्तमानपत्र पसरून. संध्याकाळी एक कोपरा ओलसर.

"गळतंय, वन्सं!"

"गळत नाहीये, पाझरतंय."

"फरक काय?"

"गळतं ते लगेच दिसतं. पाझरतं ते शोधावं लागतं. जा, क्लिप आण."

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला. खोलीत आवाज नाही. मी स्क्रीनला हात लावून पाहिला, खरंच चालू आहे ना.

"बस. वाच आता."

आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

इतके दिवस दोष घरघरीचा होता. आता मागे काहीच नव्हतं. आता नमुना परत आला, तर तो माझ्यामुळे.

धडा विहिरीवरचा होता. पहिलं वाक्य वाचलं. वन्संनी हात वर केला.

"काय म्हणालीस?"

"पानी."

"पाणी."

"तेच तर म्हणाले मी."

"नाही. तू पानी म्हणालीस."

कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, घरी मराठी. पन्नास वर्षं मी पानी म्हणत होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"यांनी कसं नाही सांगितलं कधी?"

"तो घाबरायचा तुला."

त्या बंद, तापलेल्या खोलीत त्या सत्तरीच्या बाईने दुपारभर माझ्याकडून घोकून घेतलं. पाणी. लोणी. अंगण. आणि. कोण. दोघींचे पदर ओले. "जीभ उचल. अजून. बिल्कुल आळशी जीभ आहे तुझी!"

नमुना पाठवला. आठ दिवस मी मोबाईल पालथा ठेवला होता.

नवव्या दिवशी मेसेज आला. "आवाज स्वच्छ आहे. पुस्तक पाठवत आहोत."

मी रडायला लागले.

"रडू नकोस," वन्सं म्हणाल्या, "घसा बसेल."

आणि स्वतः तोंड धुवायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

तेव्हापासून किती पुस्तकं वाचली, मोजली नाहीत. सध्या बारावीच्या एका मुलीसाठी इतिहास वाचते आहे. सोलापूरकडची आहे. धडा मिळाला की व्हॉइस मेसेज पाठवते, "मावशी, ऐकला." तिची परीक्षा जवळ आली आहे.

घरात माणसं आहेत, सुतक आहे. तरी परवा सकाळी मी दार लावून घेणार आहे. सातवा धडा राहिला आहे. कुणाला विचित्र वाटलं तर वाटो.

वन्सं, तुम्ही मला बोलतं केलंत.

तुम्हाला माझा वाकून नमस्कार.