त्रिकोणी चांदण्या

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून यवतमाळच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा दुर्बिणीचा आरसा माझ्या मांडीवर होता. पत्र्याचे नळकांडे आणि लोखंडी बैठक गार्डच्या डब्यात दिली होती, पण आरसा कुणाच्या हाती द्यायला मी तयार नव्हतो. मी आणि माझी बायको सुमन, आम्ही दोघांनी दोन वर्षे काच घासून तो घडवला होता. शेवटचा महिना मी टायफॉइडने अंथरुणाला खिळलो, तेव्हा त्याचे सगळे पॉलिश तिने एकटीने केले. पुण्यात आता दिवे फार झाले. ताऱ्यांचे फोटो घ्यायचे तर काळेकुट्ट आकाश हवे, म्हणून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी गावाकडे निघालो होतो. सोबत फोटोच्या सहा काचा होत्या आणि फुशारकी तर पोतंभर.

छोट्या गाडीने इतके हलवले की यवतमाळला उतरताच मी पेचकस काढला आणि आरसा धरून ठेवणारे तीन पितळी चिमटे आणखी आवळले. पुढे एसटीचा खडबडीत रस्ता होता.

"मांडीवर काय घेऊन राह्यले जी?" कंडक्टरने विचारले.

"आरसा."

"बायकोसाठी घेतला काय?"

"बायकोनंच घासलाय."

त्याने मला एकदा नीट न्याहाळले आणि तिकीट फाडून तो पुढे गेला.

पांढरकवड्याहून बैलगाडी. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चाललेली, मग सागाचे जंगल. गावात मेश्राम मास्तर वाट पाहत होते. तारे पाहण्याच्या नादातून आमची पत्रांनी ओळख झालेली, भेट मात्र पहिलीच. "जय भीम" म्हणत त्यांनी नळकांडे खांद्यावर घेतले आणि आधी जेवायला बसवले. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आणले. मास्तरांच्या आईने गुळाचा खडा पुढे केला.

अंधार पडताच कृत्तिकांवर दुर्बीण लावली. वीस मिनिटे एक डोळा नळकांड्यावरच्या छोट्या दुर्बिणीला आणि तारे सरकतील तशी मोठी दुर्बीण फिरवायला हात चाकावर. मग फोटोची काच मास्तरांच्या धान्याच्या खोलीत, कंदिलाला लाल फडके बांधून धुतली आणि वाळत ठेवली. सकाळी भिंग घेऊन पाहिली. असल्या काचेवर तारे काळे ठिपके होऊन उमटतात. माझे ठिपके त्रिकोणी होते. एकूण एक तारा त्रिकोणी!

चाक फिरवताना हात चुकला असता तर रेघा आल्या असत्या. फोकस चुकला असता तर ठिपके नुसते फुगले असते. म्हणजे दोष आरशाच्या घडणीतच, आणि शेवटचा हात कुणाचा? माझे डोके फिरले. मी तिथेच सुमनला कार्ड खरडले: "शेवटच्या महिन्यात तू आरसा बिघडवलास. दोन वर्षे पाण्यात गेली." पांढरकवड्याला निघालेल्या गाडीवानाकडे ते टपालात टाकायला दिलेसुद्धा.

"भाऊ, जरा दम धरा ना," मास्तर म्हणाले. "कायले घाई करता?"

दम धरणे मला कधी जमलेले नाही.

दुपारी शेजारच्या तांड्यावरच्या (बंजारा वस्तीवरच्या) झमकीबाई आल्या. सगळे त्यांना याडी (आई) म्हणत. मोठा आरसा आलाय हे ऐकून त्या खास पाहायला आल्या होत्या. त्यांच्या अंगावरच्या काचळीला (बंजारा बायकांच्या चोळीला) शेदीडशे आरसे टाचलेले. त्यांनी माझ्या आरशाभोवती बोट फिरवले आणि एका चिमट्यापाशी थांबल्या.

"हे कोनं आवळलं?"

"मी."

"काहून?"

"एसटीत हलू नये म्हणून."

त्यांनी आपल्या काचळीवरचा एक आरसा अंगठ्याने ढकलला. तो टाक्यांच्या आत किंचित सरकला. "काच बसली पाह्यजे, दबली नाही पाह्यजे. ताण देल्ला का गेली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चिमटे तीन, ताऱ्यांना कोपरे तीन. बोटभर जाड काच माझ्या पेचकसाने वाकली होती. ते आवळताना मला जराही शंका आली नव्हती. मी चिमटे इतके सैल केले की चिमटा आणि काच यांच्यामधून कागद सरकावा. संध्याकाळी मोठ्या शक्तीचे भिंग लावून एक ठळक तारा पाहिला. गोल, टाचणीच्या टोकासारखा. याडीनेही पाहिला.

"कोनं घासली ही काच?"

"माझ्या बायकोनं."

"हात चांगला हाय तिचा."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"कार्ड तं आता टपालात पडलं असन," मास्तर हसू दाबत म्हणाले.

त्या संध्याकाळी कृत्तिकांचा दुसरा फोटो घेतला, सकाळी तपासला आणि चार काचा कोऱ्या ठेवून निघालो. मास्तरांच्या आईने वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. परतीच्या वाटेवर जंगल, कापूस, काहीच डोळ्यांत भरले नाही. प्रत्येक स्टेशनावर मला वाटे, टपालाची थैली याच गाडीत असावी आणि वाटेत कुठेतरी पडावी.

कार्ड माझ्याआधी एक दिवस पोचले होते. सुमन अंगणात होती, पदर खोचून, पिंपावर ठेवलेली एक नवी कोरी काच पिंपाभोवती फिरत घासत होती. मी फोटोची काच तिच्या हातात दिली. तिने हात पुसले, भिंग मागितले आणि बराच वेळ पाहिले. मग मी चिमट्यांचे सांगितले, याडीचे सांगितले आणि चुकलो असेही सांगितले. आयुष्यात प्रथमच.

"गोल आहेत," ती म्हणाली आणि पुन्हा पिंपाकडे वळली.

"अगं, आता कशाला घासतेस?"

"ही माझ्या दुर्बिणीची. हिचे चिमटे मी बसवणार."

मी विहिरीवरून पाण्याची बादली आणून तिच्याजवळ ठेवली.