बाबांच्या कम्प्युटरले वायफायचा अडॅप्टर

ग्रुपवाल्यांनो, आज सकाळी मी लहान भावाले, संजूले मारलं. तोंडावर, मुठीनं. त्याचा समोरचा दात पडला.

बाबांचा जुना, टीव्हीले जोडायचा होम कम्प्युटर आहे. तीन महिने खपून मी त्याले कॅसेटच्या जागी मेमरी कार्ड बसवलं. आज पहिल्यांदा चालवून पाहणार होतो. मी आंघोळीहून यायच्या आत मशीन टीव्हीवर चालू दिसावं म्हणून संजूनं त्यात वायफायच्या डब्ब्याचा अडॅप्टर खुपसला. पिन तशीच, व्होल्टही तेवढेच. पण या जुन्या मशीनमध्ये प्लस-मायनस उलटे असतात. भसकन धूर निघाला.

"काहून हात लावला बे?" मी ओरडलो.

"पिन तो बैठ गई थी, भैया," घरातही हिंदीच बोलणारा संजू म्हणाला.

एवढ्यावर मी त्याची कॉलर धरली, त्याले भिंतीवर आदळलं अन् मारत सुटलो. आई मधात पडली, माझ्या हाताले कडकडून चावली, तेव्हा थांबलो.

उलट्या प्लस-मायनसचं मले कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं. मशीनवर एक चिठ्ठी चिकटवायचा मीच आळस केला.

आत्ता चौबे कॉलोनीच्या दवाखान्यातून त्याचा मेसेज आला: "भैया, मशीन बची क्या?"

सांगा, काय लिहू त्याले?