बाबांचे दोन कॉमे

नव्वदच्या दशकात बाबांनी बंगळूरच्या सरकारी कारखान्यातून मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि चामराजपेटच्या आमच्या घरात इंग्रजीच्या शिकवण्या सुरू केल्या. जन्मभर यंत्रांची ड्रॉइंग तपासलेला माणूस. नियम म्हणजे नियम. त्यांचा एक लाडका नियम होता. वाक्यात ‘हू’ किंवा ‘विच’ आलं, की त्या तुकड्याला दोन्हीकडून कॉमा घालायचाच.

नियम साफ चुकीचा होता. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजीच शिकत होते. ‘जी मुलं आळशी असतात ती नापास होतात’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यात कोणती मुलं हेच तर सांगायचं असतं, तिथे कॉमा नको. बाबांचे कॉमे घातले की जगातली यच्चयावत मुलं आळशी ठरून नापास व्हायची! मला हसू यायचं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? वडिलांची चूक काढायची आमच्या घरात पद्धत नव्हती. त्यातून निवृत्तीनंतर गप्प गप्प झालेले बाबा आत्ता कुठे हसायला लागले होते.

त्यांच्याकडे शेजारच्या गल्लीतली एक मुलगी यायची. घर पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी शिंप्यांचं. दहावीला तिचा इंग्रजी विषय राहिला होता, म्हणून ती त्याच वर्गात पुन्हा बसली होती. पुन्हा नापास झाली तर शिक्षण बंद करून कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला बसवायची, असं घरात ठरलं होतं. परीक्षेआधी तिची आई शाळेची वही घेऊन आली. पानभर लाल फुल्या होत्या.

“अक्का, जरा बघा की. सरांनी शिकवलेलं शाळेत चूक म्हणतात. पोरीनं कुणाचं ऐकायचं?”

आतल्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. पानांचा आवाज थांबला.

“बाबांचंच बरोबर आहे,” मी म्हणाले.

“सरी, बरं, तुम्ही म्हणता मग झालं,” असं म्हणून ती निर्धास्त मनाने गेली.

मुलीला बाजूला घेऊन खरं सांगायचं, असं मी रोज ठरवायचे. पण बाबा जागचे हलायचे नाहीत, आणि खरं तर मीच भित्री होते. परीक्षा आली तरी माझं ठरवणंच चाललं होतं.

मुलगी नापास झाली. नुसत्या कॉम्यांनी कुणी नापास होत नाही, असं मी मनाला बजावलं. अजूनही बजावते.

निकालानंतर मायलेकी बाबांच्या पाया पडायला आल्या. जाताना दारात आई मला म्हणाली, “सरांनी लई कष्ट घेतले हो. आमच्या पोरीलाच डोकं नाही.”

मुलगी शेजारीच उभी होती. तीही “हो अक्का” म्हणाली.