कंपनीच्या हॉलचं मागचं दार

राहात्याच्या एसटीत मी गावाचं नाव सांगितलं, तर कंडक्टर म्हणाला, "म्हंजी कंपनी म्हना की!" साखर कंपनी बंद पडून एक पिढी उलटली, तरी आसपासच्या लोकांसाठी ते गाव म्हणजे कंपनीच. आणि इतकं ठासून सांगणाऱ्या या बहाद्दराने मला उतरवलं मात्र एक फाटा आधी! गुडघा आधीच कुरकुरत होता, त्यात ऊन. त्याच्या नावाने चडफडत मी पाटाच्या (कालव्याच्या) कडेने चालू लागले.

दोन्ही बाजूंना ऊस होता. एका वळणावर कारखान्याचं धुराडं दिसलं. माझे बाबा इथे केमिस्ट होते. अकरा वर्षांची होईपर्यंत मी इथेच वाढले, आणि नंतरच्या पन्नास वर्षांत एकदाही फिरकले नाही. आता आले ती अंगणवाडी चालवणाऱ्या सुनंदाच्या फोनमुळे. कंपनीचा जुना हॉल पाडून तिथे दुकानगाळे काढायचे, की तो दुरुस्त करून मुलींसाठी अभ्यासिका करायची, हे आज ग्रामसभेत ठरणार होतं. ठराव आजच तालुक्याला गेला नाही, तर अभ्यासिकेचा विषय संपला. "तुमच्याकडं हॉलचे जुने फोटो असतील तर आना ताई, लोकांना दाखवू," असं ती म्हणाली होती. म्हणून पिशवीत बाबांचा अल्बम होता.

सुनंदा वेशीवरच उभी होती. तिने मला गाव फिरवून दाखवलं. कंपनीच्या दवाखान्यात आता तिची अंगणवाडी भरते. बाजारतळावरचं चिंचेचं झाड आहे तसं आहे. साहेबांच्या टेनिस कोर्टावर कांदा पसरला होता, आणि खरं सांगते, टेनिसपेक्षा कांदाच तिथे जास्त शोभत होता.

जेवण तिच्या घरी झालं. भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. समोर तिचे सासरे, नाना, बसले होते. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत. कारखान्याचा भोंगा वाजवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"तुमी केमिस्ट सायबांच्या धाकट्या न्हाई का?" ते म्हणाले. "फ्राक घालून हॉलात पळायच्या. म्या पाह्यलंय."

"तुम्ही यायचात हॉलात?"

"यायचो की, शिनिमाला. लई मजा हुती." मग सुनेकडे वळून म्हणाले, "तू हो म्होरं. मानसं मी घेऊन येतो. भोंगा बंद पडला आसंल, म्या तर हाय की!"

हॉलच्या पुढच्या रुंद पायऱ्यांवर सुनंदाने रांगोळी काढली होती, दाराला झेंडूचं तोरण लावलं होतं. आत खुर्च्या पुसून मांडल्या होत्या. ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसले. अर्धा तास गेला, पाऊण झाला. आम्ही दोघी, ग्रामसेवक आणि अंगणवाडीच्या चार बाया, एवढेच.

"ताई, गणपूर्ती होत नाही," ग्रामसेवक म्हणाले. "आता सभा तहकूब लिहितो."

"साहेब, दहा मिनिटं थांबा," सुनंदा म्हणाली. गावातल्या मुली अभ्यासाला जागा नाही म्हणून शिकणं सोडतात, हे तिने मला वाटेत तीनदा सांगितलं होतं.

मला नानांचा असा राग आला! एवढ्या फुशारक्या मारल्या आणि माणूसच गायब. गुडघा धरत मी पायऱ्या उतरले आणि त्यांना शोधायला हॉलला वळसा घातला.

मागे गाजरगवतात अख्खं गाव उभं होतं. नीट रांग लावून. म्हातारे पुढे, त्यांच्यामागे बाया आणि तरुण पोरं. सगळ्यात पुढे नाना, चपला काढून, एका गंजक्या कुलपासमोर.

"अहो नाना, इथे काय करताय?"

"दार उघडायची वाट बघतोय. कवाधरनं हुभे हाओत."

"पण दार पुढे आहे ना!"

"त्ये सायबांचं. आमचं ह्ये," नाना सहज म्हणाले. "कामगारांनी मागनं यायचं, अशी कंपनीची शिस्त हुती."

"कंपनी केव्हाच बंद झाली हो!"

"व्हय," नाना हसले. "पन पायाला कोन सांगनार?"

इतकी वर्षं मी त्या हॉलात नाचले, वाढदिवसाचे केक खाल्ले, आणि त्याला मागे दार आहे हे मला माहीतच नव्हतं. लाज वाटली. चांगलीच वाटली.

"चला," मी म्हटलं, "ग्रामसेवक सभा तहकूब लिहायला बसलेत."

रांग पुढे आली खरी, पण पायऱ्यांशी येऊन थबकली. नाना रांगोळीकडे बघत राहिले. सुनंदा दारात आली. "नाना, या ना. तुमच्यासाठीच काढली रांगोळी." नानांनी एक पाऊल टाकलं, कठडा धरला, दुसरं टाकलं. मग मागून लोंढाच आला. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक जमिनीवर बसले. अल्बम हातोहात फिरला. अभ्यासिकेच्या ठरावाला इतके हात वर झाले की ग्रामसेवकांना उभं राहून मोजावे लागले.

शेवटी नाना उठले. "अजून येक लिवून घ्या सायेब. मागलं दार सागवानी हाय. त्ये काढा आन् पोरींना टेबल करा त्येचं."

सुनंदाने पदर डोळ्यांना लावला. माझंही काही वेगळं नव्हतं.

परतीच्या एसटीत मी अल्बम उघडला. सगळे फोटो पुढच्या दाराचे. पायऱ्यांवर बाबा, तोरणाखाली आई, फ्रॉकातली मी. मागच्या दाराचा एकही नाही.

हॉलची दुरुस्ती झाली आणि परवा सुनंदाने फोटो पाठवला. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना वह्यांवर वाकलेल्या मुली, आणि लाकडावर कुलपाच्या कडीची गंजकी खूण. तो छापून घेतला आणि अल्बमच्या पहिल्या पानावर लावला.