दहा लाख तीनची कुस्ती

उभ्या कोल्हापुरात एका आकड्यापायी मिशी पणाला लावणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. आमचे दाजी तरुणपणी लाल मातीत घुमले, पुढे दूध संस्थेत फॅट मोजून निवृत्त झाले आणि साठीनंतर त्यांना मूळ संख्यांचं वेड लागलं. एक आणि ती स्वतः, याखेरीज जिला कुणीच निःशेष भागू शकत नाही ती मूळ संख्या, हे झालं पुस्तकातलं. दाजींच्या लेखी तो कधीच चितपट न होणारा पैलवान. लग्नपत्रिका हातात पडली की मुहूर्त राहिला बाजूला, आधी पत्त्यातला पिनकोड भागून बघणार. एकदा पुतणीला बघायला आलेल्या पावण्यांच्या गाडीचा नंबर वाचून म्हणाले, "तेवीसनं तुटतोय. दम न्हाय." सोयरीक मोडता मोडता राहिली!

या दाजींनी एक दिवस तालमीच्या कट्ट्यावर डरकाळी फोडली, "दहा लाख तीन! ह्याला पाडणारा जन्माला यायचाय." गल्लीतले गणिताचे निवृत्त मास्तर म्हणाले, "एवढ्या मोठ्या आकड्याला कोणी ना कोणी भागतंच." झालं! दाजी पेटले, "पाडलाच तर मिशी उतरवतो!" मोबाईलला विचारा म्हटलं, तर माझ्यावरच उखडले, "ती नुरा कुस्ती झाली, आधीच ठरवल्याली!" मग चार महिने हातानं भागाकार. हजाराच्या आतल्या मूळ संख्या लावल्या की पुरे, कारण त्यापुढचा कुणी पाडणारा असलाच, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आतच सापडतो. अशा निघाल्या एकशे अडुसष्ट, आणि एकीलाही तो पाडता आला नाही. ताई रोज प्रत्येक बाकी तपासायची आणि वैतागायची, "संसाराला बी एवढा येळ द्या की!"

मग एका रविवारी तालमीसमोर फळा मांडला. मास्तर म्हणतील त्या आकड्यानं भागून दाखवायचं ठरलं. मास्तर म्हणाले, "तेरा." दाजींनी जोशात खडू चालवला, आणि बाकी आली शून्य! कुणीतरी न्हाव्याला हाकसुद्धा मारली. दाजींचा हात मिशीवर गेला, चेहरा असा पडला की मला बघवेना.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ताई कडाडली, "अवो, शून्यं मोजा की! पाच पायजेत, सहा काढलीसा!"

पदर खोचून ती पुढे आली, १००००००३ मधलं एक शून्य पुसलं आणि उभ्या उभ्या भागाकार केला. बाकी चार! मास्तरांनी हट्टानं आणखी नऊ आकडे लावले, तिनं नऊच्या नऊ परतवले. शेवटी मास्तरांनीच हात जोडले. हलगी कडाडली, गुलाल उधळला. दाजींसाठी आणलेला फेटा दाजींनी ताईच्या डोक्यावर ठेवला आणि ते गर्जले, "कुस्ती हिनं मारली! बघतायसा काय, वाजवा!"

मीही ओरडून घसा बसवून घेतला. फेटा सावरत ताई मला हसून म्हणाली, "तुला दिसलं न्हाय व्हय रे ते शून्य? तू तर बीएस्सी!"

नव्हतं दिसलं. तिला सातवीनंतर घरी बसवलं होतं, ते माझं शिक्षण व्हावं म्हणून. लाज वाटली मला. पुढे होऊन मी तिचा कलता फेटा नीट बसवला.