सुहासिनीकाकूंची गाडी

ऐन निरोपाच्या प्रसंगात हार्ड डिस्कनं ‘टक्... टक्’ केलं आणि मान टाकली. पडद्यामागे लॅपटॉपसमोर बसलेल्या स्वप्नीलनं वायर हलवली, डिस्क कानाशी धरली, एकदा हळूच थोपटलीसुद्धा. मग वैद्याच्या चेहऱ्यानं म्हणाला, "काकू, डिस्क गेली."

सुहासिनीकाकू म्हणजे जयपूरच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक. यजमानांची रेल्वेतून भुसावळहून इकडे बदली झाली, तेव्हापासून दरवर्षी मुरलीपुऱ्यातून नायक आणि सोडाल्यातून नायिका धरून आणायची, हा त्यांचा नेम. त्यांची सगळी नाटकं विनोदी. काही मुळातच तशी, बाकीची प्रयोगात होत. यंदा मात्र त्यांनी हट्टानं गंभीर नाटक घेतलं होतं. "एकदा तरी हे लोक रडले पाहिजेत," म्हणायच्या. आई मुलाला स्टेशनवर निरोप देते आणि गाडी सुटते, त्यासाठी काकूंनी स्वतः फलाटावर उभं राहून खऱ्या गाडीचा आवाज टेप करून आणला होता. स्वप्नीलनं तो आपल्या नव्या डिस्कवर घेतला. "टेपचा जमाना गेला, काकू. मी आहे ना!"

आता रंगमंचावर आई हात उंचावून उभी, आणि गाडी सुटेना. काकूंनी एकदा डिस्ककडे, एकदा स्वप्नीलकडे पाहिलं, पदर खोचला, माईक ओढला आणि तोंडानंच गाडी सोडली.

"कूऽऽ... झुकझुक, झुकझुक..."

जरा वेग घेते तोच गाडीला ठसका लागला. पहिल्या रांगेतून यजमान भगवानराव ओरडले, "अरे भैया, चेन खींचो!" सभागृह हसून लोळलं. आई झालेली कस्तुरीसुद्धा डोळ्यांना पदर लावून हसत होती. काकूंनी मात्र गाडी नेटानं पुढच्या स्टेशनात नेली.

पडदा पडल्यावर आवराआवर करताना डिस्कची वायर स्वप्नीलच्या हाती आली. तिला लॅपटॉपकडच्या बाजूला दोन टोकं. एक त्यानं लॅपटॉपला लावलं होतं. दुसरं जादाचं समजून रबर घालून गुंडाळून ठेवलं होतं. घरच्या कॉम्प्युटरवर डिस्क एका टोकावर मजेत चालायची. लॅपटॉपवर एका टोकातून येणाऱ्या विजेनं तिचं पोट भरत नव्हतं, तरी बिचारी तग धरून होती. आणि दुसऱ्या टोकाच्या जागी त्याचा चिमुकला प्लास्टिकचा पंखा तिच्या वाटची वीज खात घरघरत होता. उकडतंय म्हणून निरोपाच्या जरा आधी त्यानंच खोचलेला.

त्यानं पंखा उपसला, दोन्ही टोकं लावली. डिस्क घुमली. खुर्च्या उचलणाऱ्यांच्या डोक्यावरून, रिकाम्या सभागृहात, खरी गाडी शिट्टी देऊन झोकात सुटली.

काकू दारात उभ्या होत्या. गाडी पार लांब जाईपर्यंत त्यांनी ऐकून घेतली.

स्वप्नीलचं तोंड त्या पंख्याएवढं झालं. "डिस्क गेली नव्हती, काकू. मीच... हा पंखा लावला होता."

"मतलब, तुला उकडत होतं?"

त्यानं मान डोलावली. पंखा कुठं लपवावा तेही त्याला सुचेना. शेवटी चाचरत म्हणाला, "पुढच्या वर्षी आवाजाचं काम मलाच द्याल ना?"

"तू पडदा ओढशील."